फिल्टर बबलला इको चेंबर म्हणणं थांबवा प्लीज

अल्गोरिदमवर (सोशल मीडियावर कोणाला काय दाखवायचं ते ठरवणारा प्रोग्राम) कुठेही चर्चा सुरू झाली की कोणीतरी 'आपण सगळेच इको चेंबरमध्ये आहोत' असं टाकतं आणि खाली वर्णन करतं ते फिल्टर बबलचं, मग बाकीचे माना डोलावतात. वापरून वापरून दोन्ही शब्दांचा पार चोथा झालाय.

बबल तुम्हाला माहितीये, पटकन उरकतो. एलाय पॅरिसर या अमेरिकी लेखकाने २०११ च्या सुमारास हा शब्द रूढ केला, तुम्ही कशावर थांबता ते बघून फीडमध्ये तसलंच येत राहतं आणि बाकीचं गळतं. लाइकसुद्धा करावं लागत नाही, यूट्यूबने २०१२ पासूनच नुसत्या क्लिकपेक्षा किती वेळ बघितलं याला जास्त वजन द्यायला सुरुवात केली. गुडघा दुखत होता म्हणून मी एका रात्री तीन व्हिडिओ बघितले, आठवड्याभरात फीड पहाटे चारला उठून पळणाऱ्या लोकांनी भरलं. मी आठला उठतो. पण महिन्याभराने मलाच आठला उठायची जरा लाज वाटायला लागली (ओळख बदलते म्हणतात ना, ती अशी, गुपचूप).

आता खरी गोची. बबलमध्ये दुसरी बाजू दिसत नाही. इको चेंबरमध्ये ती दिसते, अगदी रोज दिसते, पण तिने तोंड उघडायच्या आधीच तिच्यावरचा विश्वास उडवून ठेवलेला असतो. सी. थी न्गुयेन या तत्त्वज्ञाने २०२० च्या निबंधात हेच सोलून सांगितलंय: एकीकडे माहिती पोचत नाही, दुसरीकडे पोचते पण सांगणारा आधीच बाद. मी एका मित्राला त्याच्या मताविरुद्धचा लेख पाठवला, आकड्यांसकट. त्याने उघडला, लिहिणाऱ्याचं नाव बघितलं आणि रिप्लाय, 'अरे हा त्यांचाच माणूस'. संपलं. यात अल्गोरिदमने काय अडवलं सांगा, लेख तर मीच पाठवलेला! व्हॉट्सॲप ग्रुपचंच घ्या ना, तिथे मेसेज आले तसे ओळीने दिसतात, कोणी निवडून दाखवत नाही, तरी एकेक ग्रुप असा असतो की वेगळं बोलणारा 'विकला गेलेला'च ठरतो. तिथे मत म्हणजे मत नसतंच, ते आत राहायचं ओळखपत्र असतं, आणि ओळखपत्र कोणी वादात हरलो म्हणून परत करत नाही.

म्हणूनच 'दोन्ही बाजू फॉलो करा, डोकं मोकळं होईल' हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. बबलवर चालेल तो. चेंबरवर उलटा पडू शकतो. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ ख्रिस बेल आणि सहकाऱ्यांनी ट्विटर वापरणाऱ्यांना पैसे देऊन महिनाभर विरुद्ध विचारांच्या पोस्ट दाखवणारा बॉट (आपोआप चालणारं खातं) फॉलो करायला लावला, निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आले: रिपब्लिकन लोक आणखी उजवीकडे सरकले, डेमोक्रॅट्समध्ये म्हणावा असा फरक नाही.

अल्गोरिदम निर्दोष आहे असं नाही हां. फेसबुकवर २०१७ मध्ये रागाच्या इमोजीला साध्या लाइकच्या पाचपट वजन होतं (नंतर कमी केलं), म्हणजे समोरच्याची सगळ्यात चीड आणणारी पोस्टच पुढे सरकणार. मग आपण तीच बघून म्हणतो, 'बघितलं, हे लोक असलेच'. थोडक्यात दुसरी बाजू लपवली जात नाहीये, तिचा सगळ्यात वाईट नमुना घरपोच येतोय, आणि चेंबरच्या भिंतीला याहून चांगलं सिमेंट नाही.

त्या मित्राचं पुढे काय झालं, तर दोन महिन्यांनी त्याच्याच गटातल्या एकाने तोच आकडा सांगितला आणि या पठ्ठ्याने तो मलाच फॉरवर्ड केला. वर लिहिलेलं, 'हे वाचलंस का?'