पाठीची शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याची वेदना

लांब पाठीचा, आखूड पायांचा डॅशहंड एके दिवशी सोफ्यावर उडी मारायचे सोडून देतो आणि उचलून घेताना कळवळतो, तेव्हा दुखणे बहुधा मणक्यांमधल्या चकतीचे असते. आखूड पायांशी निगडित असलेल्या एका जनुकाची जादा प्रत या जातीत आढळते. तिच्यामुळे चकतीचा मऊ गर लहान वयातच सुकून कडक होतो, असे २०१७ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. हा गर फुटून मज्जारज्जूवर दाबला गेला आणि मागचे पाय लुळे पडू लागले, की मणक्याच्या कमानीची एक बाजू कोरून तो काढावा लागतो.

या शस्त्रक्रियेत वेदना एकाच प्रकारची नसते. स्नायू सोलून बाजूला केल्याची आणि हाड कोरल्याची वेदना असतेच, पण दबलेल्या मज्जातंतूंची वेदना निराळी असते आणि नेहमीच्या वेदनाशामकांना ती पुरती दाद देत नाही. शिवाय वेदनेचे संदेश सतत येत राहिले, तर मज्जारज्जूतल्या पेशी अधिकाधिक संवेदनशील होतात आणि पुढे साधा स्पर्शही दुखू लागतो. म्हणून औषधे चीर देण्याआधीच सुरू करतात आणि ती एकापेक्षा अधिक असतात: मेथाडोन किंवा फेंटानिलसारखे अफूवर्गीय औषध, ही संवेदनशीलता रोखणारे अगदी अल्प मात्रेतले केटामाइन आणि, कुत्र्याला स्टेरॉइड दिलेले नसेल तर, मेलॉक्सिकॅमसारखे दाहशामक. पाठीच्या स्नायूंखालच्या पदरात सोनोग्राफीच्या साहाय्याने बधिर करणारे औषध सोडण्याची पद्धत २०१६ मध्ये माणसांसाठी वर्णिली गेली. आता ती कुत्र्यांमध्येही वापरतात आणि तिच्यामुळे अफूवर्गीय औषध कमी लागते.

खरी कसोटी शुद्धीवर आल्यानंतर लागते, कारण वेदना आहे की नाही हे कुत्रा सांगणार कसा? यासाठी ग्लासगो विद्यापीठात तयार झालेली मोजपट्टी वापरतात. जखमेपासून सुमारे पाच सेंटीमीटरवर बोटांनी हलकेच दाबून कुत्रा नुसता वळून पाहतो, अंग चोरतो, गुरगुरतो की चावायला येतो, हे पाहून गुण देतात. चाल आणि इतर वागणुकीचेही गुण धरून एकूण २४ पैकी ६ किंवा अधिक गुण झाले, तर औषध वाढवण्याचा विचार होतो. मात्र आमच्या या रुग्णाला चालताच येत नसल्याने चालीचे गुण वगळावे लागतात. मग हिशेब २० पैकी ५ असा होतो. एवढे करूनही फसगत होऊ शकते. रात्रभर विव्हळणारा कुत्रा वेदनेने विव्हळत असेलच असे नाही. अफूवर्गीय औषधाने तो भ्रमिष्टासारखा झालेला असतो किंवा त्याचे मूत्राशय तुडुंब भरलेले असते, कारण मज्जारज्जूला इजा झाली की लघवीही अडते. अशा वेळी वेदनाशामकाचा आणखी एक डोस देण्याआधी पोटावर हात ठेवून पाहणे शहाणपणाचे.

घरी पाठवताना बहुधा गॅबापेंटिन हे मज्जातंतूंच्या वेदनेवरचे औषध दिले जाते. माणसांसाठीच्या त्याच्या काही पातळ औषधांत झायलिटॉल हा गोडवा आणणारा पदार्थ असतो आणि तो कुत्र्यांना विषारी आहे, त्यामुळे बाटलीवरचे घटक वाचलेच पाहिजेत. घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी तर कधीच देऊ नये. आणि वेदना शमली, की कुत्र्याला पुन्हा सोफा आठवतो. म्हणूनच बरा दिसू लागला तरी त्याला चार ते सहा आठवडे पिंजऱ्यात किंवा छोट्या आडोशात ठेवावे लागते.