मेकॅनोच्या मूळ भागांची पारख

मेकॅनो या धातूच्या जोडखेळण्याचे अस्सल जुने सुटे भाग आणि त्यांच्या नंतरच्या आवृत्त्या किंवा नकला यांतला फरक ओळखण्याची रीत. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये या खेळण्याचे पेटंट घेतले. मेकॅनो हे नाव १९०७ मध्ये आले. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला, तरी फ्रान्समधले उत्पादन चालू राहिले. शिवाय काही छोटे उत्पादक हौशी मंडळींसाठी जुन्या धाटणीचे भाग घडवतात. त्यात गैर काहीच नाही, कित्येक अर्धवट मॉडेले त्यांच्यामुळेच पुरी होतात. तोच भाग जुना म्हणून विकायला येतो, तेव्हा पारख लागते.

पहिल्या पट्ट्या पातळ पत्र्याच्या, कडा दुमडलेल्या होत्या. पुढे गोल टोकांच्या जाड पोलादी पट्ट्या आल्या, त्यांवर निकेलचा मुलामा असे. १९२६ पासून रंग आले. तांबडा-हिरवा, १९३४ मध्ये निळा-सोनेरी, युद्धानंतर पुन्हा तांबडा-हिरवा आणि १९६४ मध्ये पिवळा-काळा-रुपेरी असा ढोबळ क्रम आहे. मात्र एकट्या रंगावर भिस्त ठेवू नये. रंग पुन्हा देता येतो, मुलामाही पुन्हा चढवता येतो.

त्यापेक्षा भोके नीट पाहावीत. जुनी पट्टी दाबयंत्रावर छिद्रे पाडून केलेली असते. त्यामुळे भोकाची एका बाजूची कड किंचित आत वळलेली, तर दुसऱ्या बाजूची धारदार लागते. लेसरने कापलेल्या नव्या पट्टीत दोन्ही कडा सारख्या सरळ असतात. वापरलेल्या पट्टीवर भोकाभोवती बोल्टच्या डोक्याने घासलेले कडे दिसते. पुन्हा रंगवलेल्या भागावर हे कडे रंगाखाली बुजते आणि कंपनीच्या ठशातल्या अक्षरांत रंग साचून ती बोथट होतात. भोकांमधले अंतर अर्ध्या इंचाचे आहे का, हे मोजून काही सिद्ध होत नाही, कारण चांगली नक्कलही तेच माप पाळते.

स्क्रूचे आटे मात्र बोलके असतात. ब्रिटिश मेकॅनोचा बोल्ट ५/३२ इंची, इंचाला ३२ आट्यांचा. अलीकडचा ४ मिलिमीटरचा मेट्रिक. जाडी जवळपास सारखीच, पण आट्यांमधले अंतर वेगळे. म्हणून एकाचा नट दुसऱ्यावर सुरुवातीला चढतो आणि एकदोन फेऱ्यांत अडकतो. तिथे जोर लावू नये, आटे खराब होतात. षट्कोनी पान्याच्या खाचेचा बोल्ट दिसला, तर तो बिन्स रोडचा नव्हे. पितळी दातेरी चाकाला लोहचुंबक लावून पाहावा. चिकटला तर ते पितळेचा मुलामा दिलेले पोलाद आहे.

एकाच पेटीत निरनिराळ्या काळांचे भाग सापडले म्हणून लगेच फसवणूक समजू नये. लहान संचाचा मोठा संच करणाऱ्या पूरक पेट्या आणि सुटे भाग कंपनी स्वतःच विकत असे, आणि घरोघरी ते वर्षानुवर्षे भर पडत साठत गेले. उलट, सगळे भाग सारखेच चकचकीत असलेली ‘युद्धपूर्व’ पेटी अधिक काळजीने तपासावी.