बोनेटच्या सावलीत उभं मूल

स्कूल बसच्या थांब्यावर पालकांच्या तोंडी एक सूचना हमखास ऐकू येते: “उतरल्यावर बसच्या मागून पळू नकोस. समोरून जा, म्हणजे काकांना दिसशील.” नाशिकमध्ये गंगापूर रोड असो, इंदिरानगर असो की सिडकोतल्या अरुंद गल्ल्या, सूचना तीच. तिचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. दुसरा मात्र, निदान बालवाडी ते दुसरीच्या मुलांपुरता, भूमितीला मान्य नाही.

एवढी मोठी काच आणि उंचावर बसलेला ड्रायव्हर. त्याला समोरचं दिसणार नाही तर कुणाला दिसणार? लांबचं त्याला उत्तमच दिसतं. प्रश्न पुढच्या दोन-तीन मीटरचा आहे.

शाळेत शिकलेली एक गोष्ट इथे कामी येते. प्रकाश ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने उलटाही येऊ शकतो. म्हणून ड्रायव्हरच्या डोळ्याच्या जागी एक छोटा दिवा लावला आहे अशी कल्पना करा. त्याचा उजेड जिथे पोचेल ते ड्रायव्हरला दिसू शकतं आणि जिथे गाडीची सावली पडेल ते दिसू शकत नाही. एका दिव्याने सगळा प्रश्न सावलीचा होऊन जातो, आणि सावली मोजायला समरूप त्रिकोण पुरतात. मला हा भाग फार आवडतो, तेव्हा आकडेमोड थोडी सहन करा.

समजा, शाळेची मिनीबस आहे, पुढे बोनेट असलेली. ड्रायव्हरचा डोळा रस्त्यापासून 175 सेंटिमीटर उंचीवर, बोनेटची पुढची कड 115 सेंटिमीटर उंचीवर आणि डोळ्यापासून 160 सेंटिमीटर पुढे. म्हणजे कडेला चाटून जाणारी नजर 160 सेंटिमीटरमध्ये 60 सेंटिमीटर खाली उतरते. त्याच उताराने ती रस्त्याला टेकते बोनेटच्या तीन मीटर पुढे. तोवरचा सगळा रस्ता सावलीत. पाच वर्षांचं, 105 सेंटिमीटर उंचीचं मूल बोनेटला अगदी खेटून चाललं तर पूर्ण झाकलं जातं. एक पाऊल पुढे असेल तर डोक्याचा वरचा भाग डोकावतो. पण त्याच मुलाच्या हातून पाण्याची बाटली निसटली आणि ते वाकलं, की त्याची उंची उरते जेमतेम 50 सेंटिमीटर. आता बोनेटपासून पावणेदोन मीटरपर्यंत ते कुठेही असलं तरी ड्रायव्हरच्या दृष्टीने रस्ता रिकामा. त्याची नजर तीक्ष्ण असो वा नसो, काही फरक पडत नाही. सपाट तोंडाच्या मोठ्या बसमध्ये पुढची सावली आखूड होते, नाहीशी होत नाही.

आता डॅशबोर्डकडे या. तिथे हार घातलेली मूर्ती असते, काचेवर आशीर्वादाचे स्टिकर असतात, मधोमध झुलणारी सजावट असते. वरच्याच बसमध्ये डोळ्यापासून 70 सेंटिमीटरवर 15 सेंटिमीटर रुंदीची वस्तू ठेवली आणि तिचा माथा त्या चाटून जाणाऱ्या नजरेच्या फक्त सहा सेंटिमीटर वर आला, तर वाकलेलं मूल लपण्याची हद्द त्या पट्ट्यात पावणेदोनवरून जवळजवळ पावणेतीन मीटरपर्यंत जाते. दोन डोळ्यांत साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. ते हिशोबात धरूनही या पट्ट्याची रुंदी अर्ध्या मीटरहून जास्त भरते. एक मूल आरामात मावतं. श्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही, मूर्ती जरा बाजूला, खाली बसवता येते. लिंबू-मिरची बंपरखाली बांधली तर निदान कुणाच्या नजरेआड तरी येत नाही, एवढाच तिचा गुण.

यावर उपाय आहे बहिर्गोल आरशाचा. महाराष्ट्राने 2011 साली स्कूल बससाठी वेगळे नियम केले, त्यात बसच्या पुढचा भाग दाखवणाऱ्या अशा आरशाची तरतूद आहे. तो दृष्टीचा आवाका वाढवतो, पण प्रतिमा लहान करून. आरशाची वक्रता त्रिज्या 40 सेंटिमीटर धरली, तर नाभीय अंतर 20. तीन मीटरवरच्या एक मीटर उंच मुलाची प्रतिमा भरते सव्वासहा सेंटिमीटर! मेंदूला लहान म्हणजे लांब अशी सवय असल्याने मूल आहे त्यापेक्षा दूर भासतं. त्यात डिसेंबर-जानेवारीत नाशिकला सकाळी काचेवर दव, आणि गंगापूर रोडने शहराकडे येणाऱ्या बसच्या तोंडावर कोवळं, आडवं ऊन. आरसा असणं आणि आरशात दिसणं यात एवढं अंतर आहे.

मागच्या चाकांचंही सांगतो, थोडक्यात. वळताना ती पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, आतून कापतात. दोन आसांत 4.2 मीटर अंतर असेल आणि आतलं पुढचं चाक 8 मीटर त्रिज्येने वळत असेल, तर आतलं मागचं चाक जवळजवळ 1.2 मीटर आत सरकतं. (पायथागोरस लावून पाहा.) कोपऱ्यावर “पुढचं चाक तर गेलं” म्हणून निर्धास्त उभं राहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

हल्ली शाळेच्या पालकसभेत ॲपचं भारी कौतुक होतं. बस कुठल्या चौकात आली हे मोबाईलवर कळतं, सोयीचं आहे. पण उपग्रहावरून मिळणारं स्थान बसचं असतं, मुलाचं नाही, आणि त्याची अचूकता साधारण काही मीटर. आपला सगळा प्रश्न त्या काही मीटरच्या आतच आहे. तिथे ॲपपेक्षा खाली उतरून उभी राहणारी, बसमधली मदतनीस मावशी कामाची.

मुलांना शिकवायचं ते असं: बस निघून जाऊ दे, मग रस्ता ओलांड. समोरून जावंच लागलं तर आधी रस्त्याच्या कडेने बसच्या पुढे तुझी दहा पावलं चालत जा आणि मावशी हात करेपर्यंत थांब. बाटली, डबा, टोपी, काहीही बसपुढे पडलं तर वाकायचं नाही, मावशीला सांगायचं. काकांचे डोळे तुला दिसत नसतील तर तूही त्यांना दिसत नाहीस. दिसत असले तरी ते तुझ्याकडेच बघताहेत असं नाही.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या मैदानात बस उभी करा, किल्ली काढून घ्या. ड्रायव्हरला त्याच्या जागी बसवून डोळ्याजवळ टॉर्च धरायला सांगा आणि पुढे पडलेल्या सावलीची कड खडूने आखा. मग त्या रेषेच्या आत चार-पाच मुलांना वाकून उभं करा, आणि पालकांना एकेक करून ड्रायव्हरच्या सीटवर बसवून विचारा, किती मुलं दिसतात?