४० व्हॉल्यूम: काळे केस सोनेरी करण्यामागचा जुना वाद

काळ्या केसांवर ४० व्हॉल्यूम डेव्हलपर वापरायचा की नाही, यावर केस रंगवणाऱ्यांचे अजून एकमत नाही. डेव्हलपर म्हणजे रंगात किंवा ब्लीच पावडरीत कालवायचे हायड्रोजन पेरॉक्साइडचे द्रावण, आणि व्हॉल्यूम हे त्याच्या ताकदीचे माप. एक बाजू म्हणते की गडद केसांना जोर लागतोच. कमी ताकदीचा डेव्हलपर घेतला तर केस विटकरी रंगावर अडून बसतात. दुसरी बाजू म्हणते की २० व्हॉल्यूमवर दोनदा करा, पण ४० ला हात लावू नका, टाळूजवळ तर नाहीच नाही. वरवर हा हातोटीचा आणि अनुभवाचा वाद दिसतो. खोलात गेले की तो एका मोजमापापाशी येऊन थांबतो, आणि ते मोजमाप रूढ झाले तेव्हा काळे केस कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हते.

फार जुना इतिहास इथे थोडक्यात पुरे. पहिल्या शतकातल्या एका रोमन ग्रंथकाराने चरबी आणि राखेपासून केलेल्या एका पदार्थाची नोंद केली आहे. गॉल लोक तो केस तांबूस करायला वापरत. रोममधल्या सधन स्त्रिया उत्तरेकडच्या जर्मानिक जमातींच्या फिकट केसांचे टोप घालत. व्हेनिसमधल्या पद्धतीचे वर्णन जास्त बारकाईने मिळते. १५९० साली छापलेल्या वेशभूषेवरच्या एका ग्रंथात घराच्या छतावरची लाकडी गच्ची, तिथे उन्हात बसलेली स्त्री आणि तिच्या डोक्यावर माथा नसलेली, नुसत्या रुंद काठाची टोपी दाखवली आहे. केस मधल्या भोकातून वर काढून काठावर पसरायचे, चेहरा सावलीत ठेवायचा आणि काडीला बांधलेल्या स्पंजने केस पुन्हा पुन्हा भिजवत राहायचे. तपकिरी केसांवर याने सोनेरी झाक येत असणार. काळ्याभोर केसांची मात्र उन्हाने फार तर टोके तांबूस होतात. लिंबाचा रस आणि कॅमोमाइलचे आजचे घरगुती उपाय याच जातीचे आहेत आणि त्यांची मर्यादाही तीच आहे.

खरी सुरुवात १८१८ साली झाली. एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने बेरियम पेरॉक्साइडवर आम्लाची क्रिया करून हायड्रोजन पेरॉक्साइड मिळवले. केसांपर्यंत ते पोहोचायला जवळजवळ पन्नास वर्षे गेली. १८६७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात लंडनचा एक रसायनतज्ज्ञ आणि पॅरिसचा एक केशरचनाकार यांनी मिळून सुमारे ३ टक्के पेरॉक्साइडचे द्रावण केस उजळण्यासाठी मांडले. राख, क्षार आणि ऊन यांच्यापेक्षा हे फार वेगळे होते, कारण आता किती रंग काढायचा ते थोडेफार हातात आले.

मग प्रश्न आला द्रावणाची ताकद सांगायची कशी. पेरॉक्साइड नुसते ठेवले तरी हळूहळू विघटित होऊन पाणी आणि ऑक्सिजन होते, त्यामुळे ती ताकद त्यातून निघणाऱ्या ऑक्सिजनवरून सांगण्याची रीत पडली. एक लिटर द्रावणातून दहा लिटर ऑक्सिजन निघाला तर ते '१० व्हॉल्यूम'. हिशेब सोपा आहे: ३ टक्क्यांच्या एका लिटर द्रावणात साधारण ३० ग्रॅम पेरॉक्साइड असते आणि ते पूर्ण विघटित झाले की दहा लिटरांच्या आसपास वायू निघतो. त्याच मापाने ६ टक्के म्हणजे २०, ९ टक्के म्हणजे ३० आणि १२ टक्के म्हणजे ४० व्हॉल्यूम. बाटलीतली ताकद टिकली आहे का हे पाहण्यासाठी हे माप उपयोगी होते. ते केसांविषयी काहीच सांगत नाही.

पुढे मात्र या आकड्यांना केसांचा अर्थ चिकटला. १० व्हॉल्यूम म्हणजे रंग नुसता बसवायला, २० म्हणजे एखाद-दुसरी लेव्हल (काळ्यासाठी १ ते अगदी फिकटसाठी १० अशी केसांच्या गडदपणाची पायरी) उजळायला, ३० म्हणजे दोन-तीन आणि ४० म्हणजे चारेक, अशी कोष्टके तयार झाली आणि शिकवली गेली. ऑक्सिडेशन करणाऱ्या क्रीम कलरसाठी ती बऱ्यापैकी लागू पडतात, कारण तिथे उजळण्याचे काम पेरॉक्साइड आणि अमोनिया एवढेच करतात. घोळ झाला तो हीच कोष्टके ब्लीच पावडरलाही लावल्याने. पावडरीत पर्सल्फेट, म्हणजे रंग तोडायला जोर देणारे क्षार, असतात, सोबत पीएच चढवणारे सिलिकेटसारखे क्षार असतात. तिथे उजळण्याची मर्यादा डेव्हलपरचा आकडा एकटा ठरवत नाही. पावडर, वेळ, मिश्रण ओले राहणे, थराची जाडी आणि केसाची मूळ अवस्था हे सगळे मिळून ती ठरते. जास्त व्हॉल्यूमने काम लवकर होते हे खरे. कमी व्हॉल्यूमने ते होतच नाही, हे खरे नाही.

काळ्या केसाची एक बट फॉइलमध्ये घेऊन पाहिली तर हे लगेच कळते. पहिल्या काही मिनिटांत काळा जाऊन गडद तपकिरी येतो, मग विटकरी लाल, मग भगव्याकडे झुकणारा नारिंगी. इथे बट बराच वेळ रेंगाळते. पेरॉक्साइड आधी केसाला रंग देणाऱ्या मेलॅनिनचे कण सुटे करते आणि मग त्यांचा रंग तोडते. गडद युमेलॅनिन तुलनेने लवकर तुटते, तर लालसर-पिवळे फिओमेलॅनिन जास्त चिवट असते. नारिंगीनंतर पिवळा, आणि अगदी शेवटी केळीच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिकट पिवळा. राखाडी, बेज, मोत्यासारखा असा कुठलाही थंड ब्लॉन्ड या फिकट पिवळ्यावर टोनर, म्हणजे उरलेली छटा मारणारा हलका रंग, टाकूनच मिळतो. जांभळा टोनर पिवळेपणा मारतो, निळा नारिंगीपणा. नारिंगीवर जांभळा ओतून ब्लॉन्ड होत नाही. ही पायरी गाळण्याचा मोह हीच या कामातली सर्वांत मोठी अडचण आहे, आणि ४० व्हॉल्यूमचा हट्ट बहुतेक वेळा तिच्यातूनच येतो.

नारिंगी टप्पा 'काम बिघडले' असा वाचला जातो, त्याचे कारण आदर्श म्हणून समोर ठेवलेल्या केसांत आहे. १९३० च्या दशकात हॉलिवूडने प्लॅटिनम ब्लॉन्ड लोकप्रिय केला; १९३१ साली एका चित्रपटाचे नावच ते ठेवले गेले. ज्या अभिनेत्रीमुळे ती छटा गाजली तिचे मूळ केसच राखाडीकडे झुकणारे फिकट होते. तिच्यासारखे दिसायचे म्हणून घरोघरी पेरॉक्साइड, अमोनिया आणि काही ठिकाणी कपड्यांचे क्लोरीनयुक्त ब्लीचही डोक्यावर गेले. क्लोरीनचे ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की विषारी क्लोरामाइन वायू तयार होतो, हे इथे स्पष्ट लिहून ठेवलेच पाहिजे, कारण तशा पाककृती अजून फिरताना दिसतात. १९५० च्या सुमारास उजळणे आणि रंग देणे एकाच वेळी करणारा क्रीम कलर अमेरिकेत आला आणि घरच्या घरी ब्लॉन्ड होणे सोपे झाले. तेही तपकिरी आणि त्याहून फिकट केसांपुरते. आजचे 'हाय-लिफ्ट', म्हणजे जास्त उजळवणारे, शेड त्याच वाटेवरचे आहेत. गडद काळ्या केसांवर ते तांबूस तपकिरीपाशी थांबतात, आणि आधी लावलेल्या कृत्रिम रंगावर तर चालतच नाहीत. रंगाने रंग उचलला जात नाही, हे वाक्य या व्यवसायात पहिल्या आठवड्यात शिकवले जाते ते त्यासाठीच.

म्हणून काळ्या केसांपुरता विचार केला तर १८६७ पेक्षा पर्सल्फेट पावडर मोठी घटना आहे. पेरॉक्साइड आणि पर्सल्फेट एकत्र आले की दोघांच्या वेगळ्या परिणामांच्या बेरजेपेक्षा जास्त रंग निघतो. लेव्हल १ पासून ९-१० पर्यंतचा प्रवास त्यामुळे आवाक्यात आला. पुढे टोपीच्या भोकांतून बटा ओढून केलेले हायलाइट्स, मग फॉइल, मग मोकळ्या हाताने रंगवलेले बलायाज, या सगळ्यांनी डोक्याचा काही भागच उजळण्याची सोय केली. गडद केसांसाठी ती फार मोलाची ठरली, कारण बट टाळूपासून दूर ठेवता येते आणि मुळाशी वाढ दिसली तरी विद्रूप वाटत नाही.

मुळांची गोष्ट वेगळी लिहावी लागते. टाळूच्या उष्णतेमुळे मुळांजवळचे केस लांबीपेक्षा लवकर उजळतात. सबंध डोक्याला एकदम मिश्रण लावले तर मुळे पिवळी आणि लांबी नारिंगी, असा पट्टा उमटतो. त्यामुळे पूर्वी कधी रंग न लावलेल्या केसांवर आधी लांबी, मग शेवटी मुळे, हा क्रम ठरला. ४० व्हॉल्यूम टाळूला लावले की हा फरक आणखी वाढतो, आणि त्वचा भाजते ते वेगळेच. माझ्या मते वादाचा निकाल लावायला एवढा एक मुद्दा पुरेसा आहे. फॉइलमधल्या, टाळूपासून लांब असलेल्या धडधाकट बटांवर अनुभवी हाताने ३० वापरले तर त्यावर बोलता येईल. टाळूवर ४० ला समर्थन सापडत नाही.

४० च्या बाजूने कायद्याचा दाखला नेहमी दिला जातो. युरोपीय संघाच्या सौंदर्यप्रसाधन नियमांत केसांवर वापरायच्या मिश्रणात १२ टक्क्यांपर्यंत, म्हणजेच ४० व्हॉल्यूमपर्यंत, हायड्रोजन पेरॉक्साइडला परवानगी आहे. 'कायद्याने चालते, म्हणजे सुरक्षित आहे' असा त्याचा अर्थ लावला जातो. पण ती कमाल मर्यादा आहे, शिफारस नव्हे. त्याच नियमांत त्वचेसाठी मर्यादा ४ टक्के आहे, आणि मिश्रण टाळूला लागते तेव्हा ते त्वचेलाच लागते. दुसरीकडे जपानमध्ये, जिथे बहुतेकांचे केस काळे आहेत, केसांच्या रंगात आणि ब्लीचमध्ये ६ टक्क्यांची मर्यादा पाळली जाते. तिथे १९९० च्या दशकात तरुणांमध्ये केस तपकिरी-सोनेरी करण्याची लाट आली आणि ती २० व्हॉल्यूमच्या चौकटीत पार पडली. फिकट ब्लॉन्ड हवा असेल तर दोनदा, तीनदा ब्लीच करायचे, ही तिथली सर्वमान्य रीत आहे. काळ्या केसांना ४० शिवाय पर्याय नाही, या म्हणण्याला याहून सरळ उत्तर सुचत नाही.

१२ टक्क्यांचा आकडा आणखी एका, अगदी वेगळ्या कारणाने पक्का झाला. तीव्र पेरॉक्साइडपासून स्फोटके करता येतात. युरोपीय संघाने २०१३ साली आणि पुन्हा २०१९ साली स्फोटकांच्या कच्च्या मालावर नियम केले, तेव्हा सर्वसामान्यांना मोकळेपणी विकायची सीमा १२ टक्क्यांवर धरली. केसांच्या आरोग्याशी या दुसऱ्या नियमाचा काडीचा संबंध नाही. तरीही '१२ टक्क्यांवर बंदी, म्हणजे १२ पर्यंत बिनधास्त' असे बोलले जाते तेव्हा दोन्ही नियम एकमेकांत मिसळलेले असतात. त्यात मिश्रणाचा हिशेबही निसटतो. एक भाग पावडर आणि दोन भाग १२ टक्क्यांचा डेव्हलपर वजनाने घेतला तर वाटीतले पेरॉक्साइड ८ टक्क्यांवर येते. समभाग घेतले तर ६ वर. एकाचे पातळ '४०' आणि दुसऱ्याचे घट्ट '४०' वाटीत सारखे नसते. डेव्हलपर ४० चा की २० चा, यापेक्षा काय प्रमाणात कालवले हे विचारले तर निम्मे भांडण तिथेच मिटेल.

२०१४ नंतर 'प्लेक्स' आले. ब्लीचमध्ये मिसळायचे, केसातले तुटणारे बंध सांभाळतात असे सांगणारे हे द्रव. पहिल्या लाटेतली बरीच उत्पादने मॅलेइक आम्ल किंवा त्याच्या संयुगांवर आधारलेली होती. त्यांच्या पेटंटवरून मोठ्या कंपन्यांमध्ये काही वर्षे खटले चालले. ते नेमके काय जोडतात यावर रसायनतज्ज्ञांचे दुमत आहे, पण व्यवसायावर झालेला परिणाम डोळ्यांपुढे आहे. प्लेक्स घातला की उजळणे मंदावते, मग व्हॉल्यूम एक पायरी चढवा, असा सल्ला दिला जाऊ लागला. बचावासाठी आणलेली वस्तू ३० वरून ४० वर जाण्याचे निमित्त झाली, याची खंत वाटते. ब्लीच केसाच्या बाहेरचा तेलकट संरक्षक थर काढून टाकते आणि आतले सल्फरचे बंध तोडून त्यांचे सिस्टेइक आम्ल करते. त्या आम्लातून पुन्हा मूळ बंध होत नाही. ओली बट हलकेच ताणली आणि ती परत आखूड झाली नाही, तर कुठलाही द्रव वाटीत असला तरी तिथे थांबायचे असते. पूर्वी धातूच्या क्षारांचे 'हळूहळू काळे करणारे' रंग लावलेले असतील तर सुरुवातच करायची नसते. पेरॉक्साइडशी गाठ पडली की ते केस तापतात आणि तुटतात. आधी एका बटेवर करून पाहायच्या स्ट्रँड टेस्टची पद्धत अशाच अपघातांतून रुजली.

हळू जाण्याच्या बाजूनेही एक किंमत आहे आणि ती ग्राहक मोजत नाही. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय निबंधात केशरचनाकारांना पर्सल्फेटमुळे होणाऱ्या दम्याची नोंद झाली. त्यानंतरच्या अभ्यासांनी पर्सल्फेट हे या व्यवसायातल्या दम्याचे प्रमुख कारण असल्याचे दाखवले. नाक वाहणे, हातांवर खाज आणि पुरळ, मग श्वास अडकणे असा तो वाढत जातो आणि काहींना काम सोडावे लागते. दोनदा ब्लीच म्हणजे पावडर दोनदा कालवणे. धूळ न उडणाऱ्या, तेलात भिजवलेल्या दाणेदार पावडरी आल्या, त्याने हवेतले कण कमी झाले. पर्सल्फेट तेच राहिले. हातमोजे मिश्रण लावताना घातले जातात, पण डबा उघडून चमचा घालताना बरेचदा हात आणि नाक दोन्ही उघडे असतात, आणि वाटी कालवायची जागा खिडकीपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात असते.