पीयूसी पास म्हणजे कार्बन डायऑक्साइड कमी? नाही!

'माझी गाडी पीयूसी पास आहे, माझ्यामुळे तापमान वाढत नाही,' असं नागपुरात किती वर्षं ऐकतोय! पण हा गैरसमज आहे.

पेट्रोल पंपाशेजारच्या व्हॅनमधला पोरगा सायलेन्सरमध्ये नळी घालतो, दोन मिनिटांत चिठ्ठी हातात. पेट्रोल गाडी पास होते ती मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनवर, डिझेल गाडी धुराच्या काळेपणावर. ही तपासणी फुफ्फुसांसाठी हवीच. पण तापमान वाढवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला तिथे मर्यादाच नाही.

तो ठरतो जाळलेल्या इंधनावर. लिटरभर पेट्रोलमागे सुमारे 2.3 किलो. पेट्रोलचं वजन पाऊण किलो, मग एवढा कुठून? त्यातला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, म्हणून. सीताबर्डीहून मिहानला जाऊन-येऊन 30 किलोमीटर धरा. लिटरला 15 देणारी गाडी रोज साडेचार किलो सोडते, पीयूसी खिशात असली तरी.

याला आवर घालणारा नियम वेगळा: कॅफे, म्हणजे गाड्यांच्या सरासरी इंधनवापरावरची मर्यादा. तो कंपनीच्या सगळ्या नव्या गाड्यांची सरासरी बघतो. 2017-18 पासून किलोमीटरला साधारण 130 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, 2022-23 पासून 113. तुमच्या जुन्या गाडीला तो लागूच नाही. तिचं पेट्रोल वाचतं ते वर्धा रोडवर मेट्रोत बसल्यावरच.