उचल घेतलेला खलाशी आणि त्याचे आधार कार्ड

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून मालवणपर्यंतच्या बंदरांत एक समज पक्का रुजलेला आहे: खलाशाने हंगामाआधी उचल घेतली की ती फिटेपर्यंत त्याला नौका सोडता येत नाही आणि तोवर त्याचे आधार कार्ड मालकाने ठेवून घेणे रीतसर आहे. हा समज चुकीचा आहे.

उचल देणे हा स्वतःहून गुन्हा नव्हे, आणि पैसे बुडवून पळालेल्या खलाशाबद्दल मालकांची तक्रार खोटी असते असेही नाही. त्यांना वसुलीसाठी दिवाणी न्यायालयाचा मार्ग मोकळा आहे. मात्र उचलीच्या बदल्यात माणसाला देशात मोकळेपणी फिरण्याचा किंवा दुसरीकडे काम धरण्याचा हक्क गमवावा लागत असेल, तर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानुसार ती वेठबिगारीच ठरते. मग ते कर्जही कायद्याने संपुष्टात येते आणि वेठीस धरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

नेपाळी खलाशी परदेशी, म्हणून त्याला हे लागू नाही, असेही सांगितले जाते. परंतु वेठबिगारीला मनाई करणारा संविधानाचा अनुच्छेद २३ केवळ नागरिकांपुरता नाही. शिवाय १९५० च्या भारत-नेपाळ करारात परस्परांच्या नागरिकांना वास्तव्याची आणि संचाराची मुभा आहे.

तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते आणि ती खलाशानेच करावी असे बंधन नाही. खाणकामगारांसाठी बंधुआ मुक्ती मोर्चा या वेठबिगारांसाठी लढणाऱ्या संघटनेने लिहिलेले पत्रच सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानले होते. निकाल १९८३ च्या डिसेंबरातला.