तोंडाचा कॅन्सर मानेत उतरलाय का, हे बघायची पद्धत आली कुठून?

तोंडाचा कॅन्सर निघाला की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, पसरलाय का, आणि लगेच दुसरा, पेट स्कॅन (टोचलेलं किरणोत्सर्गी औषध शरीरात कुठे जमतंय ते दाखवणारा स्कॅन) करून टाकूया का. आता गालाचा काय नि जिभेचा काय, हा कॅन्सर आधी उतरतो तो बहुतेक वेळा मानेतल्या गाठींमध्ये, म्हणजे लिम्फ नोड्समध्ये, फुप्फुसात वगैरे नंतर. म्हणून सगळी गोष्ट मानेभोवतीच फिरते.

कित्येक वर्षं तर डॉक्टर हाताने मान चाचपायचे आणि तेवढंच. एक्स-रे १८९५ चा, पण त्यात हाड दिसतं, गाठ कुठे दिसते, त्यामुळे जबडा पोखरलाय का एवढंच कळायचं. मग दिसत नाही तर सगळंच काढा, असा विचार. अमेरिकेत सर्जन जॉर्ज क्राइल यांनी १९०६ मध्ये १३२ ऑपरेशन्सचा अनुभव छापला, गाठींसोबत मानेचा मोठा स्नायू आणि मोठी शीर पण काढायची, पुढे १९५१ च्या सुमारास हेज मार्टिन यांनी हीच पद्धत पक्की करून टाकली. खांद्याकडे जाणारी नस पण त्यात जायची, पेशंट वाचला तरी हात वर जाईना, केस विंचरायचे सुद्धा वांधे.

सीटी स्कॅनवर पहिला पेशंट घेतला तो १९७१ मध्ये लंडनला, हाऊन्सफिल्ड यांचं मशीन, आणि तेही मेंदूसाठी. मानेपर्यंत यायला वेळ लागला, मग एमआरआय आला, आणि गाठी दिसायला लागल्या तसा नवीनच घोळ, की यातली कॅन्सरची कुठली? अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन डेन ब्रेकेल आणि टीमने १९९० मध्ये काढलेल्या गाठी मोजून सांगितलं की लांबी बघू नका, आडवी सगळ्यात कमी रुंदी बघा, १० मिमी झाली की संशय घ्या, जबड्याच्या कोनाखालच्या गाठीला ११. आणि सीटीत गाठीची कड चमकते पण मधला भाग काळा दिसतो, तर मग आकार लहान असला तरी सोडायची नाही. आपल्याकडे अडचण अशी की तंबाखू-गुटखा खाणाऱ्याचं तोंड कायम चिडलेलं, दात किडलेले, त्यामुळे साध्या इन्फेक्शनने पण गाठी सुजतात, आणि उलट ६ मिमीच्या गरीब दिसणाऱ्या गाठीत कॅन्सर निघतो. सोनोग्राफीत बघत बघत सुई घालून तपासणं याच भानगडीतून रुळलं, स्वस्त आणि कामाचं, पण करणाऱ्याचा हात बसलेला पाहिजे.

पेट स्कॅनचं औषध माणसाला पहिल्यांदा टोचलं १९७६ मध्ये फिलाडेल्फियात. भारतातलं पहिलं पेट मशीन २००२ मध्ये मुंबईत परळला आलं, बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये. कॅन्सर वाढलेला असेल, छातीत गेल्याची शंका असेल किंवा परत आला असेल तर पेटचा फायदा आहेच, पण गाठीतला ४-५ मिमीपेक्षा बारीक ठिपका त्यात सहसा उमटत नाही आणि इन्फेक्शन मात्र झगझगीत दिसतं. सुरुवातीच्या कॅन्सरला नातेवाईक पेटसाठी हट्ट धरतात, तो मला तरी बऱ्याचदा वायफळ खर्च वाटतो.

खरा निकाल लावला तो टाटा मेमोरियलने. सुरुवातीचा कॅन्सर, मानेत कॅन्सरची गाठ दिसत नाही, मग गाठी काढून मान आधीच साफ करायची की गाठ येईपर्यंत थांबायचं, हा जुना वाद. २००४ पासून पेशंट घेतले, २०१५ मध्ये ५०० जणांचा निकाल आला, तीन वर्षांनी आधी मान साफ केलेल्यांपैकी ८० टक्के जिवंत, थांबलेल्यांपैकी ६७.५. त्यामुळे स्कॅन क्लीन आला तरी सर्जन मानेचं ऑपरेशन सांगतात, आणि लोकांना वाटतं उगाच कापतायत.

सध्या मधला रस्ता म्हणून सेंटिनल नोड चाललंय, ट्यूमरभोवती किरणोत्सर्गी औषध टोचायचं, ते ज्या गाठीत पहिल्यांदा पोचतं तेवढ्याच गाठी काढून तपासायच्या, खराब निघाल्या तरच बाकीची मान. फ्रान्स आणि जपानमधल्या ट्रायल्समध्ये निकाल पूर्ण ऑपरेशनच्या तोडीचे आले. पण त्याला ते औषध कुठे पोचलं ते टिपणारा गॅमा कॅमेरा लागतो, बारीक काप पाडून बघणारा पॅथॉलॉजिस्ट लागतो, जिल्ह्याच्या ठिकाणी ते सगळं मिळणं अवघडच.